खोक्यात वीसच हाईत

त्यानं पेनच्या टोकानं कागद उलगडला. हात लावला न्हाय.

वर्तमानपत्राचा तुकडा हुता, आत दोन पॅड. माझ्या पिशवीतले. टेबलावर माझा डबा झाकण काढून ठेवलेला, शेजारी रुमाल, खोलीची किल्ली, डोकेदुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. आणि मधोमध ते दोन पॅड. दुपारचे तीन वाजलेले, सकाळची शिफ्ट सुटलेली. दुकानाच्या मागच्या गेटला चार हमाल, रिकामी खोकी न्यायला परत आलेला ट्रकचा ड्रायव्हर, माझ्या मागं आमच्या बायकांची रांग. सगळे बघत हुते.

"हे कुठलं?" मॅनेजरसाहेब म्हणाला.

"माझं हाय."

"बिल?"

बिल कुठलं असणार? पंधरा दिवसांपूर्वी ह्याच दुकानातनं घेतलेलं, काउंटरला रांगेत उभं राहून, चार गिऱ्हाइकांसारखं. पाकीट घरी, दोन सुटे पिशवीत. माझं वय त्रेचाळीस. या वयात महिना सांगून येत न्हाय, कधी पंधरा दिवसांत येतो, कधी दोन-दोन महिने पत्ता नसतो. म्हणून दोन जवळ ठेवायचे. हे सगळं मी त्या हमालांसमोर सांगत बसायचं हुतं काय?

साहेब रंजनाकडं वळला. रंजना म्हंजे गेटवरची शिपाईबाई, बायकांच्या पिशव्या तीच बघायची. तिला म्हणाला, "आत ने हिला. अंगावर कुठल्या कंपनीचं आहे ते बघून घे."

आवाज चढवला न्हाय त्यानं. कुठल्या रॅकला कुठला साबण लावलाय ते बघ म्हणावं, तसं म्हणाला.

फरशी पुसायचं सामान ठेवायची एक खोली हाय गेटला लागून. रंजनानं दार लावलं. तिनं सांगितलं तसं केलं. ती पण माझ्याकडं बघत न्हवती, भिंतीवरच्या मॉपकडं बघत हुती. मग दार उघडून बाहेर गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "कायच न्हाय, साहेब. काय लावलेलंच न्हाय."

एक हमाल हसला. ड्रायव्हरनं मान खाली घातली. मी डब्याचं झाकण लावायला लागलो तर ते बसंना.

मी आत गेलो, हे माझं मला अजून पचत न्हाय. न्हाय जात म्हणायला पाहिजे हुतं. मी गेलो.

मी बाई हाय आणि 'गेलो' म्हणतो. आमच्याकडं बायका अशाच बोलतात, आई बी अशीच बोलायची, लेक बी बोलती. पुण्याच्या साहेबाला त्याचं पयल्या दिवसापासनं हसू यायचं. मला वाटायचं हसू दे, हसून काय अंगाला भोकं पडत न्हाईत. आता वाटतं, तिथंच ओळखायला पाहिजे हुतं.

दुकान कोल्हापुरात, कळंब्याच्या अंगाला हाय. नाव घेत न्हाय. लोक त्याला मॉल म्हणतात, पण ते हाय स्वस्ताचं दुकान, लई मोठं. तेल, साबण, डाळ, चादरी, बादल्या, सगळं बाहेरच्यापेक्षा चार पैसे कमी. रविवारी आत पाय ठेवायला जागा नसते. मी मागच्या गोदामात काम करतो, पाच वर्षं झाली. सकाळी सातला कंपनीच्या मोठ्या गोदामातनं ट्रक येतो. आम्ही तिघी आणि हमाल मिळून तो चाळीस मिनिटांत रिकामा करायचा. घड्याळ लावलेलं असतं. खोकं खाली आलं की त्याच्यावरच्या पांढऱ्या चिठ्ठीवर हातातलं मशिन धरायचं. टुक वाजतं. एकदा टुक वाजलं की त्या खोक्यातला माल दुकानाच्या खात्यावर चढला. खोक्यात किती नग हाईत ते मशिनला आधीच ठाऊक असतं, कंपनीच्या पुण्याच्या हापिसात कुणीतरी बसून भरलेलं असतं. आम्ही मोजायचं न्हाय.

हा नियमच हाय. खोक्याची चिकटपट्टी शाबूत असली, तर खोकं फोडून मोजायचं न्हाय, वेळ जातो. साहेब सांगायचा, आपण स्वस्त विकतो ते कशामुळं, तर कुठं एक मिनिट वाया घालवत न्हाय म्हणून. पुढं दुकानात माल लावणारी माणसं वेगळी. ती खोकं फोडतात, फळीवर लावतात, रिकामं खोकं दाबून बाजूला टाकतात. ती बी मोजत न्हाईत. म्हंजे कंपनीचं खोकं कंपनीतनं निघून फळीपर्यंत येतं, आणि मधल्या वाटेवर एक माणूस ते मोजत न्हाय. पट्टीवर सगळ्यांचा विश्वास.

आणि मग सहा महिन्यांनी एकदा दुकानातला सगळा माल हातानं मोजतात. मशिन म्हणतं अमुक, फळीवर निघतं तमुक. मधला फरक म्हंजे चोरी. चोरी म्हंजे आम्ही.

ह्यावेळी फरक निघाला एकशे चोवीस पाकिटांचा. पॅडची पाकिटं, एकाच कंपनीची, नवीन रुंद आलेली ती.

गोदामात आम्ही तिघी. शांताक्का, वैशाली आणि मी. पिशवी माझी एकटीची 'नीट' बघितली. शांताक्काची पुढं सरकवली, वैशालीची वरनं चाचपली. का, ते मला कुणी सांगायची गरज न्हाय. कामाला लागलो त्या दिवशी साहेबानं आडनाव विचारलं. सांगितलं. मग गाव विचारलं. गारगोटीच्या अलीकडची वाडी म्हटलं. मग विचारलं, वाडीत कुठल्या बाजूला. आडनाव सांगून झालं की माणूस पुढं काय विचारणार, हे मला बारा वर्षाची असल्यापासनं कळतं. मी म्हटलं, तुम्हाला वाटतंय त्याच बाजूला. तो हसला, म्हणाला, नाही नाही, आमच्याकडं तसलं काही नसतं. मी तवाच मनात गाठ मारली, ज्याच्याकडं काय नसतं तो विचारतो कशाला?

माझी खोली कळंबा जेलच्या भिंतीच्या अलीकडं हाय. भेटीच्या दिवशी बायकांची रांग लागते तिथं, त्यांच्या बी पिशव्या उघडतात. पण तिथं रांगेतल्या सगळ्यांच्या उघडतात. एवढा तरी न्याय जेलच्या दारात हाय.

त्या दिवशी टेबलावरनं पिशवी उचलली तवा साहेबानं माझ्यापुढं एक छापील कागद धरला. शनिवारी पुण्याहून ऑडिटचा माणूस येणार हाय, तोपर्यंत सही करून आण, म्हणाला. सही केलीस तर कामावर ठेवायचा विचार करू. न्हाय केलीस तर शनिवार शेवटचा. वर मराठीत लिहिलं हुतं की माझ्या ताब्यातला माल माझ्या निष्काळजीपणामुळं कमी झाला, मला मान्य आहे. खाली दोन ओळी इंग्रजीत. मी विचारलं, खाली काय लिहिलंय? तो म्हणाला, "तेच."

मी कुणाच्या 'तेच'वर विश्वास ठेवत न्हाय. घरी येऊन लेकीच्या हातात कागद दिला. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हाय. तिनं दोनदा वाचलं. तिचं तोंड बदललं.

"आई, हे तेच न्हाय," ती म्हणाली. "तू माल उचललास, आणि कंपनी पोलिसात जाऊ शकती, असं लिहिलंय."

म्हंजे वर मी वेंधळी आणि खाली चोर. एका सहीत दोन्ही. हा कागद माझ्या मागं लागला असता तर कोल्हापुरात कुठलं दुकान मला दारात उभं करणार हुतं? चहाच्या गाड्यावर बी विचारतात, आधी कुठं हुता. माझ्या सहीवर माझं सगळं पुढचं आयुष्य टांगलं हुतं. दिवस बुधवार.

लेकीनं विचारलं, माल कमी झाला कसा? मी म्हटलं, मला काय ठाऊक. आणि म्हणता म्हणता थांबलो. कारण मला ठाऊक हुतं. चार महिन्यांपूर्वी ठाऊक हुतं.

ते सांगतो.

चार महिन्यांपूर्वी ही रुंद पाकिटं पयल्यांदा आली तवा ट्रकातनं उतरवताना एक खोकं कोपऱ्यात फाटलं. फाटलेलं खोकं मात्र मोजून सांगायचं असतं. मी खाली बसून पाकिटं बाहेर काढली आणि मोजली. मोठ्यानं मोजली, माझी सवय हाय. लाभ, दोन, तीन, चार.

आमच्यात पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत. लाभ म्हणतात. खळ्यावर रास मोजताना शेतकरी पयलं माप टाकतो तवा म्हणतो लाभ, मग दोन, मग तीन. लाभ म्हंजे एकच, नुसतं त्याला एक म्हणायचं न्हाय. आमच्या घरात रास कधी न्हवती. आई दुसऱ्यांच्या खळ्यावर राबायची आणि तिथं तिला मापाला हात लावू द्यायचे न्हाईत. तरी ऐकून ऐकून ती शिकली. आमच्या दारात जळणाच्या शेणी रचल्या की मोजायची, लाभ, दोन, तीन. मालकानं पदरात टाकलेले जोंधळे घरी आणून मापट्यानं परत मोजायची. कमी भरले तर त्या घरी तोंडावर काय बोलायची न्हाय, आम्हाला सांगायची. लक्षात ठेवा म्हणायची. तिच्यामुळं मला बी लाभापासनं मोजल्याशिवाय आकडा खरा वाटत न्हाय.

तर मी मोजली. वीस भरली. मशिनवर चोवीस. मी साहेबाला जाऊन सांगितलं, साहेब, खोक्यात वीसच हाईत.

तो गोदामात आला. म्हणाला, मोज बघू. मी परत सुरुवात केली. लाभ, दोन...

"थांब थांब. एक कुठं गेला?"

मी सांगितलं, लाभ म्हंजेच एक. तो एवढा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. शांताक्काला बोलावलं, दुकानातल्या चार जणांना बोलावलं, परत मोज म्हणाला. मी परत मोजलं. ते परत हसले. मग तो म्हणाला, "ही लाभापासून मोजते, म्हणून हिचे वीस होतात. तुम्हा लोकांची मोजणी तुमच्याजवळ ठेव. मशीन मोजतंय ना?"

आता सांगा, एक सोडला असता तरी एकाचाच फरक पडला असता, चारचा कसा पडंल? एवढं साधं गणित हमालाला बी कळतं. पण हसणाऱ्या माणसाला कोण गणित सांगणार? खोकं फाटल्यामुळं चार पाकिटं वाटेत पडली असतील असं त्यानं लिहून टाकलं. आणि त्या दिवसापासनं दुकानात माझं नाव पडलं. ए लाभ, इकडं ये. लाभ, ट्रक आला. गिऱ्हाइकांसमोर बी. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान माणूस.

नावाचं मला एवढं लागलं न्हाय. खरी चूक पुढं झाली आणि ती माझी हुती. दुसऱ्या दिवशी तसलंच खोकं आलं, पट्टी शाबूत. माझ्या कमरेला कटर हुतं. मला वाटलं फोडून बघावं. आणि मी न्हाय फोडलं. मनात आलं, खरंच माझंच चुकलं असंल तर? एवढी शिकलेली माणसं हसली, मशिन बी चोवीस म्हणतंय, मी कोण? साहेबावर मी पयल्यापासनं संशय घेत आलो. शांताक्कावर घेतला, की हीच आत जाऊन माझं काय-बाय सांगती. ड्रायव्हरवर घेतला. ज्याच्यावर घ्यायला न्हाय पाहिजे हुता, त्या माझ्या मोजण्यावर बी घेतला. त्यानं हसून हसून मला तेवढं शिकवलं हुतं.

लेक माझ्याकडं बघत हुती. तिनं विचारलं, "मोजली तवा वीसच हुती न्हवं?"

"व्हय. पण..."

"पण काय?"

पण म्हणायला माझ्याजवळ कायच न्हवतं.

मोजायचं सोडलं तरी एक गोष्ट मी सोडली न्हवती. त्या पाकिटांचं खोकं उतरलं की एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीनं रेघ मारायचो. का मारत हुतो मला विचारू नका. आईनं जोंधळे मोजून काय मिळवलं हुतं? सवय. तो पुठ्ठा मी रोज घरी न्यायचो, पिशवीच्या तळाला डब्याखाली असायचा. तपासताना त्यांनी डबा बघितला, पॅड बघितले, पुठ्ठा बाजूला टाकला. लेकीनं रेघा मोजल्या. एकतीस. फाटलेलं खोकं त्यात धरलं न्हवतं, त्याची नोंद त्यांनी तवाच केलेली. तिनं फोनवर एकतीस चोक केलं आणि फोन माझ्याकडं वळवला.

एकशे चोवीस.

मी त्या आकड्याकडं बघत बसलो. मला रडू आलं न्हाय. डोस्कं असं तापलं की भाकरी तव्यावर जळाली ते कळलं न्हाय. चार महिने, एकतीस खोकी, आणि त्यांनी मला त्या खोलीत नेऊन उभं केलं. मुडदा बशिवला त्यांच्या मशिनचा.

लेक म्हणाली, उद्याच्या उद्या सांग. मी म्हटलं न्हाय. उद्या सांगितलं तर साहेब शनिवारपर्यंत ती खोकी हलवंल, पुण्याला फोन करंल, आकडा दुरुस्त करंल आणि मला म्हणंल, कुठलं काय? मी त्याला ओळखून हुतो. गुरुवार, शुक्रवार मी गप काम केलं. साहेबानं दोनदा विचारलं, सही झाली का? मी म्हटलं, शनिवारी.

शनिवारी ट्रक आला. त्यात त्या पाकिटांची तीन खोकी हुती. मी ती रॅकला लावली न्हाईत. एकावर एक रचून गेटच्या टेबलाजवळ ठेवली, त्याच टेबलाजवळ. ड्रायव्हर तोच हुता, त्या दिवशी मान खाली घातलेला. मी त्याला म्हटलं, पावणं, जरा थांबा. खोकी तुम्ही आणलीसा, पट्टी शाबूत हाय ते बघा आणि इथंच उभं ऱ्हावा.

"थांबतो की अक्का," तो म्हणाला. "ट्रक काय पळून जात न्हाय."

आठ वाजता साहेब ऑडिटवाल्याला घेऊन आला. बारीक चष्म्याचा, शांत माणूस. त्याच्या हातात तसलाच छापील कागद, माझ्या नावाचा. साहेब म्हणाला, सही आणलीस? मी पिशवीतनं कागद काढला, टेबलावर ठेवला, सहीची जागा कोरी.

मी ऑडिटवाल्याला म्हटलं, "साहेब, ही खोकी कापा. तुम्ही मोजा. मी मोजत न्हाय, मी लाभापासनं मोजतो. तुम्ही एकापासनं मोजा."

साहेब मधी पडला. पट्टी शाबूत असलेलं खोकं असं फोडता येत नाही, दुकान उघडायची वेळ झाली, ट्रक खोळंबलाय, नंतर बघू. नंतर. मला त्याचं 'नंतर' ठाऊक हुतं. मी कमरेचं कटर काढलं आणि पयल्या खोक्याची पट्टी फाडली. तो ओरडला, "हात लावू नकोस! नोकरीवर राहायचंय ना?" मी दुसऱ्याची फाडली. मग तिसऱ्याची. पाच वर्षांत पयल्यांदा मी शाबूत पट्टी कापली. त्याचा आवाज एवढा मोठा येतो हे मला ठाऊक न्हवतं.

ऑडिटवाला खाली बसला. एक एक पाकीट टेबलावर ठेवत गेला, ओठ हलवत. विसावं ठेवलं आणि खोक्यात हात फिरवला. रिकामं. दुसरं मोजलं, वीस. तिसरं मोजलं, वीस. मग त्यानं खोकं उचलून उजेडात धरलं, आमच्या कंपनीनं चिकटवलेली पांढरी चिठ्ठी नखानं उचकटली. खाली पाकीटवाल्या कंपनीनं छापलेलं हुतं, नग वीस. आधीची अरुंद पाकिटं चोवीस यायची. नवी रुंद आली, वीसच बसायला लागली, आणि पुण्याला कुणी आकडा बदलला न्हाय. वर चिठ्ठी अशी चिकटवली की खरा आकडाच झाकला.

मी पुठ्ठा पुढं केला. त्यानं रेघा मोजल्या आणि त्याचं तोंड उजळलं. माझ्यासाठी न्हवं. त्याला त्याचे एकशे चोवीस सापडले. तो तिथंच उभा राहून पुण्याला फोनवर बोलायला लागला, इंग्रजीत, हसून. माझ्या नावाचा कागद त्यानं चुरगाळून खिशात घातला.

साहेब मला म्हणाला, "चला, झालं. सापडलं ना? जा कामाला."

"आणि त्या दिवशीचं?"

"कुठल्या दिवशीचं?"

तो खोटं बोलत हुता असं मला वाटलं न्हाय. त्याला खरंच आठवत न्हवतं. ते कळलं तवा मला त्या खोलीत जेवढं लागलं न्हवतं तेवढं लागलं. माझ्या डोळ्यांसमोर रंजनाचे हात दिवसरात्र हुते, आणि ह्याच्या लेखी तो दिवसच झाला न्हवता.

सोमवारी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला. पाच वर्षांत त्या खुर्चीवर मी कधी बसलो न्हवतो. चहा मागवला. मला पयल्यांदा 'तुम्ही' म्हणाला. तुमच्यामुळं कंपनीचा मोठा घोळ निस्तरला, वरनं कौतुक आलंय, तुमच्यासारख्या प्रामाणिक बाईची गरज आहे. मी चहाला हात लावला न्हाय. मनात म्हटलं, आता काय काढतोय बघू. तर म्हणाला, रंजनाची बदली करतोय. मागच्या गेटचं टेबल तुम्ही सांभाळा. बायकांच्या पिशव्या तुम्ही बघा. पगार वाढंल.

मला समजायला थोडा वेळ लागला. टेबलावर मी बसलो की त्या दिवसाबद्दल कोण बोलणार? जिची झडती घेतली तीच झडती घेती म्हटल्यावर, ते काय एवढं वाईट नसणारच. आणि उद्या वैशालीला आत नेताना माझेच हात. एक मिनिट पगाराचा विचार आला हे बी खरं सांगतो. लेकीची फी डोळ्यांपुढं आली.

मी म्हटलं, "बसतो. पयली पिशवी तुमची. तीन वाजता, मागच्या गेटला, सगळ्यांसमोर."

तो हसला. "मॅनेजरची पिशवी तपासत नाहीत. तसा नियम नाही."

"मग माझी बी आजपासनं तपासायची न्हाय."

आणि मी पिशवीतनं कागद काढला. रविवारी लिहिलेला, माझ्या अक्षरात, शुद्धलेखन लेकीनं बघितलेलं. त्याच्यात मी कुणाला शिव्या दिल्या न्हवत्या. एवढंच लिहिलं हुतं की अमुक दिवशी दुपारी तीन वाजता, खोकं न मोजता, मी चोर असल्याचं धरून, माझ्या पिशवीतल्या वस्तू पाच पुरुषांसमोर मांडल्या, मला खोलीत नेऊन माझं अंग तपासायला लावलं, आणि काही सापडलं नाही. शेवटची ओळ साहेबाच्या तोंडची, हे मी केलं, मला मान्य आहे. खाली त्याचं नाव, सहीसाठी जागा. इंग्रजीत एक बी ओळ न्हाय.

"शनिवारपर्यंत सही करा," मी म्हटलं.

तो लाल झाला, मग पांढरा झाला. तुझी जागा ओळखून राहा म्हणाला. परत 'तू' म्हणाला, म्हंजे चहा संपला. मी खुर्ची मागं सरकवून उठलो.

त्या दिवशी तीन वाजता मी टेबलासमोर उभी राहिलो. पिशवीची चेन लावलेली. रंजनानं हात पुढं केला. मी पिशवी दिली न्हाय, कागद दिला. तिनं वाचला. ती बराच वेळ वाचत हुती, तेवढा मोठा न्हवता तो. मग बाजूला झाली आणि मला जाऊ दिलं. का, ते मला ठाऊक न्हाय, मी अजून तिच्यावर पण पूर्ण विश्वास ठेवत न्हाय.

त्याचा परिणाम काय झाला? आता सगळ्यांच्या पिशव्या सारख्याच बघतात. शांताक्काची बी तळापर्यंत उपसतात. ती माझ्याशी बोलत न्हाय, म्हणती तुझ्यामुळं. मला साहेबानं एक लेखी नोटीस दिली, तपासणीला नकार म्हणून. दुसरी आली की काढतील, असं वैशाली म्हणती. काढू देत. नोटिशीखाली मी सही केली न्हाय, तारीख तेवढी टाकली. कागदाच्या चार प्रती काढल्यात. एक लेकीजवळ हाय, एक त्या ड्रायव्हरजवळ. त्यानं मागून घेतली, मी बघितलं तसं सांगायला येतो म्हणाला. नोकरी गेली त्या दिवशी एक पुण्याला जाईल, आणि चौथी घेऊन मी पोलिसात जाईन. सगळं सांगीन, खोली, मॉप, हसलेला हमाल, सगळं. लाजायचं ज्यांनी त्यांनी लाजावं, माझं लाजून झालंय.

आणि ट्रकातनं जे पयलं खोकं खाली येतं त्याची पट्टी मी रोज कापतो. मग चाळीसाची पन्नास मिनिटं होऊ देत. मोठ्यानं मोजतो, साहेबाच्या केबिनपर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं. लाभ, दोन, तीन. आता हसत कोण न्हाय.

त्याचा शनिवार कवाच होऊन गेला. सही झालेली न्हाय. रोज तीन वाजता मी तो कागद टेबलावर ठेवतो, पिशवी बंद ठेवतो. त्याची सही झाल्याशिवाय ती त्या टेबलावर उघडणार न्हाय. आज अकरावा दिवस. लाभापासनं मोजलेत, आणि बरोबर मोजलेत.